क्रियापद आणि प्रिपोझिशन : प्रत्यक्ष इंग्रजी वापर आणि मराठी वाक्याची चौकट – एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी अभ्यासात ‘फ्रेझल व्हर्ब’ या प्रकरणाला एक वेगळेच वलय प्राप्त झाले आहे. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका उघडल्या की ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘लुक डाउन अपॉन’, ‘टर्न डाउन’ अशा क्रियापदांच्या लांबलचक याद्या आणि त्यांसमोर एकेक मराठी अर्थ दिलेला आढळतो. याद्या वर्णानुक्रमे असतात, अर्थ एकच असतो, उदाहरण असलेच तर एका ओळीचे असते. विद्यार्थी त्या पाठ करतो, ‘जोड्या लावा’ या प्रश्नाला गुण मिळवतो आणि त्याच उत्तरपत्रिकेत ‘लिसन मी’, ‘वेट हिम’, ‘मॅरीड विथ’, ‘अँग्री ऑन’ असेही लिहून जातो. या दोन गोष्टी एकाच हातून कशा घडतात, याचा विचार अध्यापनाच्या अंगाने फारसा होत नाही.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, मराठी भाषकाची खरी अडचण फ्रेझल व्हर्बच्या रंगीत, लाक्षणिक अर्थात नसून क्रियापदाला कायमच्या जखडलेल्या साध्या प्रिपोझिशनमध्ये आहे. ही अडचण स्वैर नाही. तिचे नियम मराठी वाक्यरचनेतच सापडतात. परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे शालेय शिक्षण मराठीत वा उर्दूत आणि कृषी व विज्ञानाचे उच्च शिक्षण इंग्रजीत होते, तिथे या प्रश्नाला केवळ व्याकरणाच्या गुणांपुरते महत्त्व नाही.

संज्ञेपासून सुरू होणारा घोटाळा

शालेय व्याकरणात ‘प्रिपोझिशन’ला ‘शब्दयोगी अव्यय’ म्हणतात. भाषांतर सोयीचे आहे, परंतु ते एक चुकीची कल्पना रुजवते. मराठीतील शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटते : ‘झाडाखाली’, ‘घरासमोर’, ‘परीक्षेनंतर’. नावातच ‘शब्दाशी योग’ असल्यामुळे ते नामाचे आहे, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. ‘ऑन द टेबल’, ‘अंडर द ट्री’ येथे ही समजूत चालून जाते, कारण तिथे प्रिपोझिशन खरोखरच नामाचे स्थान सांगते. ‘डिपेंड ऑन’मधील ‘ऑन’ मात्र कोणत्याही स्थानाचे वर्णन करीत नाही. ते तिथे आहे, कारण ‘डिपेंड’ या क्रियापदाने ते निवडले आहे. अव्यय नामाच्या शेजारी उभे असले तरी निवड क्रियापदाची असते.

वास्तविक ही गोष्ट भारतीय व्याकरणपरंपरेला नवी नाही. भय आणि रक्षण या अर्थांच्या धातूंच्या बाबतीत ज्यापासून भय असते त्याला पाणिनी अपादान ही संज्ञा देतो, म्हणून संस्कृतात सापापासून भ्यावे लागते आणि नाम पंचमीत येते. मराठी माणूस मात्र ‘सापाला’ भितो. इंग्रजी माणूस ‘अफ्रेड ऑफ’ असतो. भीती एकच असून तीन भाषांनी तिची तीन रूपे ठरवली आहेत आणि यांतील कोणतेही एक दुसऱ्यापेक्षा अधिक तर्कशुद्ध नाही. येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. ‘च्या’ अर्थाचे आणि ‘पासून दूर’ या अर्थाचे असे दोन इंग्रजी शब्द देवनागरीत ‘ऑफ’ असे एकाच रूपात लिहिले जातात, आणि इतिहासही त्यांना एकच मानतो. प्राचीन इंग्रजीत तो एकच शब्द होता आणि त्याचा मूळ अर्थ ‘पासून’ असाच होता. म्हणजे ‘अफ्रेड ऑफ’मध्ये पंचमीचा अंश अजूनही दडलेला आहे.

दुसरा घोटाळा दोन भिन्न रचना एकाच यादीत कोंबल्याने होतो. ‘लुक अप’ आणि ‘लुक आफ्टर’ या वरवर सारख्या दिसतात. पहिलीतील ‘अप’ हे क्रियाविशेषणासारखे असून कर्माला ओलांडून पलीकडे जाऊ शकते : ‘लुक अप द वर्ड’, ‘लुक द वर्ड अप’. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते : ‘लुक इट अप’. दुसरीतील ‘आफ्टर’ जागचे हलत नाही. ‘लुक हिम आफ्टर’ असे कोणी म्हणत नाही. पहिल्या प्रकाराला फ्रेझल आणि दुसऱ्याला प्रिपोझिशनल क्रियापद असे वेगळे नाव देण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व्याकरणग्रंथांत रूढ झाली. मार्गदर्शिकांत मात्र दोन्ही प्रकार शेजारी शेजारी, एकाच मथळ्याखाली नांदतात. पुढे दिसून येईल की, हा भेद पुसल्यामुळेच अध्यापनाचा भर चुकीच्या ठिकाणी पडला आहे.

‘अप’ला स्वतःचा अर्थ आहे काय?

सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या रचनांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. क्रियापदाला मागून जोडलेल्या शब्दाने अर्थ पालटतो आणि परक्या माणसाला हीच बाब सर्वांत जड जाते, हे त्याने ओळखले होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र पुष्कळ अलीकडची. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये आपल्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या पुस्तकात ती वापरली आणि तिचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. रचना शतकानुशतके जुनी असूनही तिचे आजचे नाव शंभर वर्षांचेच आहे.

प्राचीन इंग्रजीत हे काम बहुतांशी क्रियापदाच्या आधी जोडलेले उपसर्ग करीत असत. ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’, ‘फरगिव्ह’ ही त्या काळाची उरलेली चिन्हे होत. मध्ययुगीन इंग्रजीत जुने उपसर्ग क्षीण झाले आणि मागून येणाऱ्या ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ यांचे बळ वाढले. मराठी वाचकाला यात संस्कृत उपसर्गांची आठवण व्हावी. ‘हृ’ या एका धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे शब्द केवळ उपसर्गभेदाने झाले आहेत, आणि वैदिक भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटा होऊन वाक्यात दूरही उभा राहत असे.

उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो की तो केवळ धातूचा अर्थ उजळतो, हा वाद यास्काच्या ‘निरुक्ता’त नोंदलेला आहे. सुटे उपसर्ग अर्थ सांगत नाहीत, असे शाकटायनाचे मत, तर त्यांना नानाविध अर्थ आहेत, असे गार्ग्याचे. इंग्रजी अध्यापनात आज नेमका हाच वाद वेगळ्या वेषात चालू आहे. यादी पाठ करायला लावणारा शिक्षक न कळत शाकटायनाच्या बाजूचा असतो : ‘अप’ला अर्थ नाही, म्हणून प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे पाठ करावी. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोबिल्डच्या फ्रेझल व्हर्ब कोशाने मात्र शेवटी अव्ययांची स्वतंत्र सूची देऊन गार्ग्याची बाजू घेतली. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ यांतील ‘अप’ क्रिया शेवटास गेल्याचे सांगते. ‘कॅरी ऑन’, ‘गो ऑन’, ‘कीप ऑन’ यांतील ‘ऑन’ क्रिया चालू राहिल्याचे सांगते. सर्वच जोड्या अशा उलगडत नाहीत हे खरे, परंतु जेवढ्या उलगडतात तेवढ्यांसाठी पाठांतराची गरज उरत नाही.

प्रत्यक्ष वापराची साक्ष

कोबिल्डचा कोश हा बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली १९८० नंतर उभ्या राहिलेल्या कामाचा भाग होता. संगणकात साठवलेल्या प्रत्यक्ष लेखन-भाषणावरून कोश रचायचा, कोशकाराच्या स्मरणावर विसंबायचे नाही, अशी ती भूमिका होती. या पद्धतीने पुढे जे समोर आले ते याद्यांच्या अध्यापनाला अडचणीचे आहे. दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसचा आधार घेऊन गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, फ्रेझल व्हर्बच्या एकूण वापरापैकी निम्म्याहून अधिक वापर केवळ शंभर जोड्यांनी व्यापला आहे. गार्निअर आणि श्मिट यांनी २०१५ मध्ये १५० जोड्यांची यादी केली आणि त्यांचे वारंवार येणारे अर्थ मोजले, ते २८८ भरले. सरासरीने एका जोडीला जवळजवळ दोन अर्थ. एका जोडीसमोर एकच मराठी अर्थ लिहिणारी आणि हजारांच्या संख्येने जोड्या देणारी मार्गदर्शिका या दोन्ही निष्कर्षांच्या विरुद्ध दिशेने चालते : ज्यांची गरज क्वचित पडते त्या जोड्या ती भरमसाट देते आणि ज्यांची नित्य गरज पडते त्यांचा अर्धाच अर्थ सांगते.

त्याहून महत्त्वाची बाब लेखनप्रकाराची आहे. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलेल्या लाँगमनच्या व्याकरणग्रंथात संभाषण, ललित, वृत्तपत्रीय आणि शैक्षणिक अशा चार प्रकारच्या इंग्रजीची तुलना आहे. फ्रेझल क्रियापदे संभाषणात आणि कथा-कादंबरीत विपुल, शैक्षणिक गद्यात विरळ आढळतात. प्रिपोझिशनल क्रियापदे एकंदरीत त्यांच्याहून कितीतरी अधिक वापरली जातात आणि शैक्षणिक गद्यातही टिकून असतात : ‘डिपेंड ऑन’, ‘रिफर टू’, ‘लीड टू’, ‘कन्सिस्ट ऑफ’, ‘रिझल्ट इन’. ज्या विद्यार्थ्याला इंग्रजीत मुख्यतः पाठ्यपुस्तक वाचायचे आणि उत्तर लिहायचे आहे, त्याला दुसऱ्या प्रकाराची गरज कैक पटींनी जास्त आहे. याद्यांत भरणा असतो तो पहिल्याचा.

दोषसंग्रह ते कोल्हापूर कॉर्पस

भारतीयांच्या प्रिपोझिशनचे दोष गोळा करण्याची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्यातील मुलकी सेवेत राहिलेले जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ मध्ये सुशिक्षित भारतीयांच्या लेखनातील वाक्प्रयोगांच्या चुकांवर एक संपूर्ण पुस्तक प्रसिद्ध केले. चिकाटीने केलेले ते काम आहे, परंतु त्याची दृष्टी परीक्षकाची आहे. भारतीय माणूस हाच प्रयोग पुन्हा पुन्हा का करतो, हा प्रश्न तिथे गौण राहतो. १९७९ मध्ये निहलानी, टंग आणि होसाली यांनी भारतीय व ब्रिटिश इंग्रजीची जी पुस्तिका सिद्ध केली, तिचा सूर पुष्कळ बदललेला आहे. भारतीय प्रयोग आणि ब्रिटिश प्रयोग शेजारी ठेवून ती फरक सांगते. तरीही एखादा प्रयोग भारतात किती वेळा आणि कोणाच्या लेखनात येतो, हे केवळ निरीक्षणावरून सांगता येत नाही.

ती उणीव भरून काढण्याचे काम महाराष्ट्रातच झाले, ही बाब मराठी अभ्यासकांकडून पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस उभा केला आणि १९८६ मध्ये तो अभ्यासकांना उपलब्ध झाला. अमेरिकन इंग्रजीचा ब्राउन कॉर्पस आणि ब्रिटिश इंग्रजीचा लँकेस्टर-ऑस्लो-बर्गेन कॉर्पस यांच्या धर्तीवर त्यात सुमारे दोन हजार शब्दांचे एक याप्रमाणे पाचशे उतारे आहेत. भारतीय इंग्रजीचा मोजमापाने अभ्यास करता येण्याची सोय त्यामुळे प्रथमच झाली.

मात्र या साधनाच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. ब्राउन व लँकेस्टर कॉर्पस १९६१ मधील मुद्रित मजकुरावर आधारलेले आहेत, कोल्हापूर कॉर्पस १९७८ मधील. त्यामुळे आढळलेला फरक भारताचा की सतरा वर्षांच्या काळाचा, असा प्रश्न प्रत्येक तुलनेत उरतोच. शिवाय हा सर्व मजकूर छापलेला, म्हणजे संपादकाच्या हाताखालून गेलेला आहे. जिंतूर वा गंगाखेडच्या विद्यार्थ्याचे इंग्रजी त्यात असण्याचे कारण नाही. भारतीय इंग्रजी प्रमाण म्हणून काय स्वीकारते हे त्यावरून समजू शकते, शिकणाऱ्याची अडचण कुठे आहे हे नाही. त्यासाठी मराठी वाक्याकडेच वळावे लागते.

मराठी वाक्याची चौकट

‘माझे ऐक’ या वाक्यात ज्याचे ऐकायचे तो षष्ठीत आहे. ‘त्याची वाट पाहतो’ येथेही षष्ठीच. इंग्रजीत ‘लिसन’ला ‘टू’ आणि ‘वेट’ला ‘फॉर’ लागते, पण मराठी वाक्यात त्यांच्याशी जुळणारे काहीच नाही. म्हणून विद्यार्थी ते गाळतो आणि ‘लिसन मी’, ‘वेट हिम’ असे लिहितो. ‘त्याच्यावर रागावला’ यातील ‘वर’ ‘ऑन’ होऊन येतो आणि ‘अँग्री ऑन हिम’ तयार होते. ‘तिच्याशी लग्न केले’ यातील ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ’ होते. मराठीत लग्नाला आणि भांडणाला दोन्हींना ‘शी’च लागतो. इंग्रजीने लग्नाला ‘टू’ आणि भांडणाला ‘विथ’ देऊन त्यांची ताटातूट केली आहे. पुन्हा गंमत अशी की, प्राचीन इंग्रजीत ‘विथ’चा अर्थच ‘विरुद्ध’ असा होता.

मराठीची चौकट सर्वत्र आड येते असे मात्र नाही. ‘पावसावर अवलंबून’ आणि ‘डिपेंड ऑन’, ‘अभ्यासावर लक्ष’ आणि ‘कॉन्सन्ट्रेट ऑन’, ‘त्याच्याशी सहमत’ आणि ‘अग्री विथ’ येथे दोन्ही भाषांची निवड जुळते आणि अशा जागी मराठी विद्यार्थी सहसा चुकत नाही. चुका आणि अचूकता या दोहोंचा उगम एकच असणे हा त्यांच्यामागे नियम असल्याचा पुरावा होय.

यांहून अधिक रोचक प्रकरण ‘डिस्कस अबाउट’, ‘एम्फसाइज ऑन’, ‘रिक्वेस्ट फॉर’ या प्रयोगांचे आहे. मराठीत या क्रियांना एकशब्दी क्रियापदे नाहीत. ‘चर्चा करणे’, ‘भर देणे’, ‘विनंती करणे’ अशी नाम आणि साधे क्रियापद यांची जोडी असते, आणि अव्ययाची मागणी त्यातील नाम करते : विषयावर चर्चा, मुद्द्यावर भर, रजेसाठी विनंती. इंग्रजीतही नाम असेल तर ‘डिस्कशन अबाउट’, ‘एम्फसिस ऑन’, ‘रिक्वेस्ट फॉर’ हेच बरोबर असते. क्रियापद आले की मात्र इंग्रजी ते अव्यय काढून घेते. विद्यार्थ्याच्या मनात मराठी जोडशब्दाची चौकट असते, तिला इंग्रजी नामाची साक्ष मिळते आणि दोन्ही मिळून त्याला ‘डिस्कस अबाउट’कडे नेतात. हा प्रयोग आफ्रिकेतील आणि आग्नेय आशियातील इंग्रजीतही आढळतो. त्यावरून असे दिसते की, दोष केवळ मराठीच्या पदरात टाकता येणार नाही. इंग्रजीच्या घरातील विसंगतीच इथे शिकणाऱ्याला फसवते. अर्थाची येथे काहीही हानी होत नाही. अशा प्रयोगावर लाल शाईची रेघ ओढताना परीक्षकाने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

जिथे अर्थ उलटतो

मराठवाड्याचा शैक्षणिक इतिहास मुंबई-पुण्याहून वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी तेथे सक्तीचा विषय म्हणून शिकवली जात असे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० मध्ये आला, तत्पूर्वी तो पाचवीपासून असे. परभणी येथे १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (२०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते). त्यामुळे ज्यांच्या घरात शेती आहे आणि शाळेत मराठी, अशा मुलांना कापूस, ज्वारी, सोयाबीन यांच्याविषयी इंग्रजीतून वाचण्या-लिहिण्याचा प्रसंग आला.

या लेखनात काही जागी प्रिपोझिशन अर्थाची दिशा ठरवते. ‘रिझल्ट इन’ म्हणजे कारणाकडून परिणामाकडे, ‘रिझल्ट फ्रॉम’ म्हणजे परिणामाकडून कारणाकडे. पाणी साचल्याने मूळकूज झाली, हे सांगताना ‘इन’च्या जागी ‘फ्रॉम’ पडले तर मूळकुजीमुळे पाणी साचले असा अर्थ होतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते, म्हणून चूक नजरेलाही येत नाही. ‘सब्स्टिट्यूट’चेही तसेच. ‘सब्स्टिट्यूट’ नंतर पहिल्या खताचे नाव, मग ‘फॉर’, मग दुसऱ्याचे नाव आले तर पहिले वापरायचे आणि दुसरे सोडायचे असते. ‘रिप्लेस’ आणि ‘विथ’ यांच्या रचनेत क्रम नेमका उलटा असतो. मराठीत ‘च्याऐवजी’ ज्या नामाला चिकटते ते सोडायचे, एवढे एकच सूत्र असते आणि शब्दांचा क्रम बदलला तरी ते बिघडत नाही. इंग्रजीत तो आधार मिळत नाही. ‘अप्लाय टू’ आणि ‘अप्लाय फॉर’ यांत शेताला खत देणे आणि नोकरीसाठी अर्ज करणे एवढे अंतर आहे. अशा जोड्या संख्येने थोड्या आहेत, परंतु लाक्षणिक क्रियापदांच्या याद्यांत त्यांना सहसा स्थान नसते, कारण त्यांत काही चमत्कृती नाही.

‘टाकणे’, ‘ठेवणे’, ‘घेणे’

फ्रेझल व्हर्बकडे परत वळले तर मराठी भाषक तिथे समजला जातो तितका पोरका नाही. मराठीच्या संयुक्त क्रियापदांचा विचार मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) होत आला आहे. त्यांना स्वतंत्र वर्ग मानावे की नाही, याविषयी वैयाकरणांत मतभेद आहेत, परंतु प्रयोग निर्विवाद आहे. ‘खाऊन टाकणे’ आणि ‘ईट अप’, ‘जळून जाणे’ आणि ‘बर्न डाउन’, ‘देऊन टाकणे’ आणि ‘गिव्ह अवे’ या जोड्या पाहाव्यात. मुख्य क्रिया पहिल्या शब्दात असून दुसरा शब्द आपला मूळ अर्थ सोडून ती क्रिया कशी तडीस गेली हे सांगतो. ‘खाऊन टाकणे’मध्ये काहीही फेकलेले नसते, तसेच ‘ईट अप’मध्ये काहीही वर गेलेले नसते. ‘अप म्हणजे वर’ असे शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘ईट अप’ विचित्र वाटते. तो स्वतः रोज ‘टाकणे’ याच रीतीने वापरतो, हे त्याला कोणी दाखवून देत नाही.

साम्य ताणू नये हेही खरे. ‘राइट डाउन’ला मराठीत निदान तीन रूपे आहेत : स्वतःसाठी ‘लिहून घेणे’, दुसऱ्यासाठी ‘लिहून देणे’, पुढे लागेल म्हणून ‘लिहून ठेवणे’. क्रियेचा लाभ कोणाला, हे मराठी क्रियापद सांगते. इंग्रजी ‘डाउन’ त्याविषयी मुके आहे. उलट ‘टर्न डाउन’ आणि ‘टर्न अप’ यांसारख्या लाक्षणिक जोड्यांना मराठी रचनेत जोड नाही, तिथे पाठांतराशिवाय गत्यंतर नाही. आणि मराठीच्या या सवयीचा अतिरेकही इंग्रजीत उमटत असावा. ‘फॉर्म भरून टाक’ म्हणणाऱ्याला ‘फिल अप’ जवळचे वाटते. ‘कोप अप विथ’मधील ‘अप’ बहुधा ‘कीप अप विथ’ आणि ‘कॅच अप विथ’ यांच्या सादृश्याने आले असले, तरी क्रिया शेवटास नेणारा शब्द हवासा वाटण्याची ही सवय त्याला पोषक ठरली असणे शक्य आहे.

यादीच वर्गात आणायची असेल, तर ती क्रियापदाच्या अनुक्रमाने न लावता मराठी अव्ययाच्या अनुक्रमाने लावून पाहण्यासारखी आहे : ‘शी’ लागणाऱ्या क्रिया एका जागी, ‘वर’ लागणाऱ्या दुसऱ्या जागी, षष्ठी घेणाऱ्या तिसऱ्या जागी, आणि प्रत्येकीपुढे इंग्रजीने काय निवडले ते. ‘वर’च्या रकान्यात ‘ऑन’ दहा ठिकाणी जुळते आणि ‘रागावणे’पाशी अडते, हे विद्यार्थ्याला एका दृष्टिक्षेपात दिसेल. षष्ठीच्या रकान्यात ‘ऐकणे’ आणि ‘वाट पाहणे’ शेजारी शेजारी येतील. आजच्या मार्गदर्शिकांत ती ‘एल’ आणि ‘डब्ल्यू’ या अक्षरांखाली कित्येक पानांच्या अंतराने असतात.